हलका सुगंध कोणाला शोभतो?

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानाला विषय भारदस्त असावा, असा आपल्याकडे प्रघात आहे. मुलांचे संगोपन म्हणा, स्त्रियांचे आरोग्य म्हणा, नाहीतर कुटुंबाचा जमाखर्च म्हणा. यंदा चिटणीसबाईंनी मला सुगंधावर, आणि त्यातही फुलाफळांच्या हलक्या सेंटावर बोलायला सांगितले आहे. विषय ऐकून कोणी गालांत हसल्या असतील, तर त्यांना मी मुळीच दोष देणार नाही. पण हा विषय निघाला कसा, ते आधी सांगते.

गेल्या महिन्यात आपल्या तरुण सभासदांपैकी एकीने एका परदेशी सेंटाची जाहिरात सर्वांना वाचून दाखवली. फुलाफळांचा हा हलका सुगंध खेळकर, हसऱ्या, स्वप्नाळू तरुणीच्या व्यक्तिमत्त्वाला शोभतो, असे तीत लिहिले होते. त्यावर मागच्या ओळीतल्या एक बाई म्हणाल्या, "मग आम्ही काय लावायचे? कापूर?" सगळ्याजणी पोट धरून हसल्या. हसणे ओसरले, प्रश्न मात्र तसाच राहिला. कोणता सुगंध कोणाला शोभतो हे ठरवते कोण? दुकानदार, शेजारीण, आपले वय, की आपण स्वतः?

मी शाळेत पुष्कळ वर्षे विज्ञान शिकवले आहे. त्यामुळे मला सवय अशी की, वस्तू मुळात काय आहे ते आधी पाहायचे आणि मगच तिच्याविषयी मत द्यायचे. तोच क्रम आजही ठेवते.

गाण्यात जशी घराणी, तशी सुगंधातही मानतात. एक फुलांचे घराणे. गुलाब, मोगरा, जाई ही त्यातली. एक लाकडामुळांचे, चंदन, देवदार, वाळा यांचे. एक भारी, ऊबदार वासाचे; त्यात अंबर, राळ, मसाले आणि व्हॅनिला येतात. आणि एक लिंबू-संत्र्याच्या सालींचे, ताजेतवाने. आपला आजचा सुगंध हा फुलांच्या घराण्याची एक शाखा आहे. पाया फुलाचाच, पण त्यावर सफरचंद, पेर, पीच किंवा तशाच एखाद्या फळाची रसरशीत झाक.

आता 'हलका' म्हणजे काय? आपण हा शब्द सहज वापरतो, पण त्याला शास्त्रातही अर्थ आहे. सेंटात पुष्कळ द्रव्ये मिसळलेली असतात आणि ती सारी एकाच वेगाने उडत नाहीत. जी चपळ ती आधी उडतात. लिंबाचा आणि बहुतेक फळांचा वास पहिल्या दहापंधरा मिनिटांत आपल्यापुढे नाचून जातो. मग फुले येतात आणि दोन-तीन तास राहतात. शेवटी जड द्रव्ये उरतात, म्हणजे चंदन, देवदार, कस्तुरीसारखे वास. ती कापडाला दुसऱ्या दिवशीपर्यंतही चिकटून असतात. लग्नघरात पाहा, दारात आधी करवल्यांची धावपळ दिसते, मग वधूवर, आणि पाहुणे पांगल्यावर मागे राहतात त्या घर आवरणाऱ्या मावश्या. सेंटाचेही तसेच आहे. ज्यात करवल्या आणि वधू यांचा थाट अधिक आणि मावश्यांचा भार कमी, तो सेंट हलका.

हलकेपणाचे दुसरे कारण म्हणजे त्यातले पाणी आणि मद्यार्क. सेंट म्हणजे मद्यार्कात विरघळवलेला सुगंधी अर्क. अस्सल परफ्यूममध्ये हा अर्क साधारण 20 टक्के आणि त्याहून अधिक असतो. 'ओ द पारफँ' म्हणतात त्यात 15 ते 20 टक्के. 'ओ द तॉयलेत' मध्ये 5 ते 15 टक्के. आणि कोलोनमध्ये अवघा 2 ते 4 टक्के. फ्रेंच भाषेत 'ओ' म्हणजे पाणी. तेव्हा कुपीवर नुसते नाव न वाचता ही बारीक अक्षरेही वाचावी. तोच सुगंध दोन निराळ्या बळांत मिळतो आणि दोन निराळ्या बायकांना शोभतो.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. पॅरिसच्या शानेल या प्रसिद्ध पेढीने 2010 साली 'शान्स ओ तांद्र' नावाचा सेंट काढला. 'शान्स' म्हणजे भाग्ययोग आणि 'तांद्र' म्हणजे कोमल. तो रचला जाक पोल्ज यांनी, आणि पुढे 2019 साली त्यांचे चिरंजीव ऑलिव्हिए पोल्ज यांनी त्याचीच थोडी अधिक दाट आवृत्ती तयार केली. फुलाफळांच्या हलक्या सुगंधाचा हा चांगला नमुना आहे. त्याच्या आरंभी ग्रेपफ्रूट, म्हणजे आपल्या पपनसाच्या भावकीतले फळ, आणि त्याच्या जोडीला बिही. बिही हे नाव ऐकून तरुण मुली बुचकळ्यात पडतील, पण वडील मंडळींना बिहीदाणा आठवेल. खोकल्यावर आणि घसा बसल्यावर भिजवून देतात तो बिहीदाणा याच फळाचे बी. सफरचंद आणि पेर यांच्या कुळातले हे फळ वासाला फार गोड. मधल्या भागात जाई आणि हायसिंथची फुले, आणि शेवटी मऊशी कस्तुरी. हरणाची नव्हे, बरे का! आपल्याकडे कस्तुरीमृगाला 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे, आणि आजच्या अशा सेंटांतली कस्तुरी प्रयोगशाळेत तयार होते.

प्रयोगशाळेचे नाव काढले की पुष्कळजणींचा चेहरा उतरतो. "म्हणजे हे खोटेच की!" असे त्या म्हणतात. म्हणून याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. लिंबू, संत्रे यांच्या सालीत तेलाचे बारीक कोश असतात. साल दाबली की तेल निघते. परंतु सफरचंद, पीच किंवा पेर दाबून सेंटात घालण्याजोगे तेल मिळत नाही; मिळतो तो रस. म्हणून सेंटातले फळ बहुधा रसायनज्ञाच्या हातचे असते. पीचसारखा वास देणारे एक द्रव्य 1908 च्या सुमारास हाती आले, आणि जाक गेर्लें यांनी 1919 साली आपल्या 'मित्सुको' या सेंटात त्याचा असा उपयोग केला की सुगंधाच्या इतिहासात त्याचे नाव राहिले. जाईच्या वासातूनच शोधून काढलेले 'हेडिओन' नावाचे दुसरे एक द्रव्य 1966 साली 'ओ सोव्हाज' या पुरुषांच्या सेंटात आले. जाईच्या ताटव्यावरून वारा यावा तसा मोकळेपणा त्याने सुगंधाला दिला. आजच्या हलक्या सेंटांपैकी पुष्कळांत ते असते.

खऱ्या फुलांचे महत्त्व त्यामुळे कमी झाले, असे मात्र नाही. दक्षिण फ्रान्सातल्या ग्रास या गावी आजही जाई आणि गुलाब सेंटासाठी पिकवतात, आणि तिथल्या या विद्येची 2018 साली युनेस्कोने मानवजातीचा वारसा म्हणून नोंद केली. आपल्या देशात कनौजला तांब्याच्या देगेत फुले शिजवून त्यांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात. आपल्या आज्या अत्तर म्हणत ते हेच. त्यात मद्यार्क नाही. म्हणून ते उडत नाही, अंगाशी धरून राहते. तेव्हा नवे ते खोटे आणि जुने ते खरे, अशी वाटणी करू नये. दोन्हीकडे कसब आहे.

आणि फूल व फळ यांची जोडी काही पॅरिसमध्येच जुळली असेही नाही. आपल्यापैकी कोकणातून आलेल्या भगिनींना हिरवा चाफा ठाऊक असेल. नाव चाफ्याचे, पण कूळ सीताफळाचे. फूल पानांच्याच रंगाचे, पानांतच दडलेले. डोळ्यांनी शोधू गेले तर सापडत नाही. पण ते पिकून पिवळसर होऊ लागले की साऱ्या परसात वास सुटतो. कोणाला त्यात पिकलेले केळे आठवते, कोणाला अननस. याचे कारण सोपे आहे. केळ्याला त्याचा वास ज्या जातीच्या द्रव्यांनी येतो, तशीच द्रव्ये फुलांतही असतात. जाईच्या सुगंधातला एक मुख्य घटक सुटा करून हुंगला, तर तोही फळासारखाच लागतो. तेव्हा फूल आणि फळ हे काही परके नव्हेत. एकाच झाडाची ती लेकरे. सोनचाफाच घ्या ना. वसईच्या वाड्यांतून दादरच्या बाजारात येणारी ती पिवळी फुले पाण्याच्या भांड्यात ठेवली, तर खोलीत जर्दाळूसारखा गोडवा दरवळतो. आपण फुलाफळांचा सुगंध पिढ्यान्‌पिढ्या केसांत माळत आलो आहोत, फक्त त्याला इंग्रजी नाव दिले नव्हते इतकेच.

आता मुख्य प्रश्नाकडे वळते. असा सुगंध कोणाला शोभतो?

माझे पहिले उत्तर असे की, तो आपल्या हवेला शोभतो. भारी, मसालेदार, ऊबदार सेंट थंड देशांत, लोकरीच्या कपड्यांवर खुलतात. मुंबईच्या वैशाखात घामाने चिंब झालेल्या अंगावर तेच सेंट लावले, तर शेजारणीचे डोके दुखायला लागते. उष्णतेने वास अधिक जोराने उडतो. म्हणून आपल्या उन्हाळ्याला हलका सुगंधच बरा. हिवाळ्याच्या संध्याकाळी, लग्नकार्यात, भारी सेंट खुशाल लावावा.

दुसरे उत्तर असे की, तो आपल्या कामाला शोभतो. लोकलच्या बायकांच्या डब्यात आपण एकमेकींना खेटून उभ्या असतो. शाळेत, बँकेत, कचेरीत आपल्याजवळ माणसे येऊन बोलतात. तिथे आपल्या आधी आपला सेंट खोलीत शिरावा आणि आपण गेल्यावरही तासभर बसून राहावा, हे बरे नव्हे. हलका सुगंध हातभर अंतरावर थांबतो. जो जवळ येईल त्यालाच तो कळतो. दवाखान्यात आजाऱ्याला भेटायला जाताना, किंवा ज्या घरी कोणाला दम्याचा विकार आहे तिथे जाताना, तोही लावू नये.

तिसरे उत्तर स्वभावाचे. जाहिरात म्हणते, खेळकर तरुणी. मी जरा निराळे म्हणते. काही बायका सभेत आल्या की सर्वांना कळते. त्यांच्या बांगड्या, त्यांचे हसणे, त्यांचे बोलणे सारेच भरघोस. त्यांना भारी सेंट शोभतो आणि त्यांनी तो जरूर लावावा. दुसऱ्या काही येतात, मागच्या खुर्चीवर बसतात आणि शेजारणीचे म्हणणे पुरते ऐकून घेतात. मुलाला शाळेत घालायचे असो की कर्जाचा अर्ज लिहायचा असो, आपण सल्ल्याला जातो त्या अशाच बाईकडे. तिच्याजवळ बसले की बरे वाटते, पण का ते चटकन सांगता येत नाही. फुलाफळांचा हलका सुगंध तिचा आहे. त्यात फुलाची सभ्यता आहे आणि फळाचा जिव्हाळा. अशी बाई वीस वर्षांची असते, तशी सत्तरीचीही असते.

निवड कशी करावी, याविषयी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते. एका वेळी तीनहून अधिक सेंट हुंगू नयेत, नाक थकते. मध्येच आपल्या पदराचा किंवा बाहीचा वास घेतला की नाक ताळ्यावर येते. कागदाच्या पट्टीवर हुंगून खरेदी करू नये. मनगटावर लावावा, बाजारात दुसरे काम उरकावे आणि अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा वास घ्यावा. करवल्या गेल्यावर उरते तेच आपल्या घरी यायचे असते. मनगटे एकमेकांवर घासू नयेत. मोत्यांवर आणि रेशमी पैठणीवर फवारा मारू नये. मद्यार्काने मोत्यांची झळाळी जाते आणि रेशमावर डाग पडतो. लिंबूवर्गीय सालींची काही तेले अंगावर असताना कडक ऊन लागले, तर कातडीवर काळे डाग उठतात; म्हणून उन्हात जाताना सेंट कपड्याच्या आतल्या बाजूला लावावा. कुपी खिडकीत न ठेवता कपाटाच्या अंधारात ठेवावी.

काहींच्या कातडीला सुगंधी द्रव्ये सोसत नाहीत. युरोपात अशा 26 द्रव्यांची नावे खोक्यावर छापणे बंधनकारक होते, आणि 2023 च्या नव्या नियमाने ती यादी ऐंशीच्या वर गेली. लिनालूल, लिमोनीन, जिरॅनिऑल ही नावे तुम्ही वाचली असतील. आपल्याला एखाद्याने खाज सुटली असेल, तर त्याचे नाव वहीत लिहून ठेवावे. आणि नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असे समजू नये. ही तिन्ही द्रव्ये फुलांत आणि सालींतही असतात.

आणखी एक गोष्ट. आपला सेंट आपल्यालाच थोड्या वेळाने येईनासा होतो, कारण नाक त्या वासाला सरावते. तो गेला नसतो. साठीनंतर तर वासाची शक्ती स्वभावतःच थोडी मंदावते. म्हणून दुसऱ्यांदा फवारा मारण्यापूर्वी सुनेला किंवा मैत्रिणीला विचारावे, "येतो का गं वास?" विचारण्यात कमीपणा नाही. वास कसा ओळखला जातो, हे कोडे सोडवण्यात एका स्त्रीचा मोठा वाटा आहे. लिंडा बक यांनी रिचर्ड ॲक्सेल यांच्याबरोबर नाकातल्या वासग्राहकांचा शोध 1991 साली प्रसिद्ध केला, आणि 2004 साली त्या दोघांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. हे वासग्राहक सर्वांच्या नाकांत अगदी सारखे नसतात. एकच सेंट तुम्हाला गोड आणि मला आंबूस लागतो, तो काही आपल्यापैकी कोणाचा हेका नव्हे.

इथवर सगळ्यांचे एकमत होईल. आता जे बोलणार आहे, त्यावर कदाचित होणार नाही. पण ते बोलण्यासाठीच मी आज उभी आहे.

आपल्या घरांतले आजोबा आठवा. स्नान झाले, धोतर नेसले, की अत्तराचा फाया कानात खोचून ते बाहेर पडत. सत्तरीचे असोत की ऐंशीचे, लोक म्हणत, "मोठे रसिक आहेत हो!" त्यांची पत्नी वारली तरी फाया काही कानातून निघत नसे. आणि आजी? आजोबा गेले त्या दिवसापासून तिचा गजरा गेला, कुंकू गेले, आणि त्यांच्याबरोबर अत्तरही गेले. सुगंध हा जणू नवऱ्याच्या नावावर असलेला जमिनीचा तुकडा! पुढे काळ बदलला, पोशाख बदलला, बायका नोकऱ्या करू लागल्या. पण अजूनही एखादी साठीची बाई सेंट लावून आली की कोणीतरी म्हणतेच, "आज काय विशेष?" आणि ज्यांचे यजमान हयात नाहीत, त्या तर हा प्रश्न कोणी विचारण्याआधीच स्वतःला विचारतात आणि कुपी परत कपाटात ठेवतात.

माझ्या वन्संचेच सांगते. त्यांची परवानगी घेऊनच सांगते आहे. 2011 साली त्यांचे यजमान गेले. त्यानंतर काही वर्षांनी माझी मुलगी परदेशाहून आली, ती आत्यासाठी फुलाफळांच्या हलक्या सेंटाची कुपी घेऊन. वन्संनी ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, मला कशाला आता? तुझ्या आईला दे." मुलीने ऐकले नाही. कुपी त्यांच्या कपाटात साड्यांमागे गेली आणि तिथेच राहिली.

2021 च्या उन्हाळ्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेत वन्संना आजार झाला. जीव वाचला, पण वास पार गेला. दूध उतू गेले तरी कळेना, भाजी करपली तरी कळेना. त्या म्हणत, "वहिनी, घर घरासारखे वाटतच नाही." डॉक्टरांनी सांगितले की, ओळखीचे चार वास रोज सकाळसंध्याकाळ लक्ष लावून हुंगा, म्हणजे नाकाला हळूहळू आठवू लागेल. लिंबू, लवंग, गुलाबपाणी, निलगिरीचे तेल अशा बाटल्या त्यांनी ओळीने मांडल्या. महिनाभर रोज हुंगत, आणि मान हलवून बाजूला ठेवत. मग थोडा लिंबू येऊ लागला, मग लवंग. एके दिवशी त्यांनी आपण होऊन साड्यांमागची ती कुपी काढली. म्हणाल्या, "औषधच समजायचे." रुमालावर एक फवारा मारला, डोळे मिटून हुंगला, आणि एकदम म्हणाल्या, "वहिनी, हा तर आपल्या परसातला हिरवा चाफा!"

त्या सेंटात हिरवा चाफा नव्हता, हे मला ठाऊक होते. पण मी काहीच बोलले नाही. वासाचा मार्ग मेंदूत जातो तो भावना आणि आठवणी यांच्या जागांना अगदी लगटून जातो. त्या क्षणी वन्सं फुलांनी ओचा भरून विहिरीजवळ उभ्या होत्या, आणि तिथे त्यांचे वय दहा वर्षांचे होते.

नाक बरे झाले, औषध संपले. कुपी मात्र आता साड्यांमागे नसते, आरशाजवळ असते. आज वन्सं अडुसष्ट वर्षांच्या आहेत, आणि त्यांच्याजवळ बसले की तो सुगंध येतो. हातभर अंतरावरच, त्याहून लांब नाही. मी स्वतःला विचारले, औषध म्हणून जे चालते, ते आवड म्हणून का चालू नये? आजाराचे निमित्त होईपर्यंत त्यांनी थांबायचे कारण काय होते? शास्त्रात ते कारण मला सापडले नाही, आणि वन्संच्या स्वभावातही नाही. ते केवळ आपल्या सर्वांच्या नजरेत होते.

भगिनींनो, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. मे 2022 मध्ये त्या गावच्या ग्रामपंचायतीने ठराव केला की, पती वारल्यावर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे हे प्रकार आमच्या गावात होणार नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसे आवाहन केले. एक लहानसे गाव एवढे करू शकते, तर शहरातल्या आपल्या मंडळाला अत्तरदाणीचा प्रश्न सोडवता येऊ नये काय?

मी अत्तरदाणी म्हणते त्याला कारण आहे. दर संक्रांतीला आपण हळदीकुंकू करतो. हळदीकुंकू लावायचे, हाताला अत्तर लावायचे, गुलाबपाणी शिंपडायचे, तिळगूळ आणि वाण द्यायचे, हा आपला क्रम. अत्तरदाणी घेऊन फिरणारी मुलगी आधी समोरचीच्या कपाळाकडे पाहते आणि मग हात पुढे करते किंवा तशीच पुढे जाते. तिला तसे कोणी शिकवलेले नाही, पाहून पाहून ती शिकली. आणि आपल्याच काही मैत्रिणी त्या वेळी आत, तिळगुळाच्या पुड्या बांधायला जाऊन बसतात. आपण म्हणतो, "किती कामसू आहेत!" त्या कामसू आहेतच, पण त्या नेमक्या त्याच वेळी आत का जातात, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे.

कुंकवाचा प्रश्न नाजूक आहे. ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा तो भाग आहे, आणि त्यावर आज मी कोणाला आग्रह करणार नाही. पण सुगंधावर कोणत्या श्रद्धेचा हक्क आहे? देवाला आपण वाहतो ते फूल, आणि फुलाचा वास घ्यायला सर्वांना नाक दिले आहे.

म्हणून माझी कार्यकारिणीला एक विनंती आहे. येत्या संक्रांतीला अत्तरदाणी आणि गुलाबदाणी दारातच ठेवावी. येणाऱ्या प्रत्येक बाईच्या हाताला, तिच्या कपाळाकडे न पाहता, अत्तर लावावे आणि मगच तिला आत घ्यावे. त्याला खर्च नाही, जास्तीचे काम नाही. फक्त अत्तरदाणी धरणाऱ्या मुलीला एवढेच सांगायचे की, "हात पुढे येईल त्या प्रत्येकीला लाव, आणि हात पुढे आला नाही, तर तू आधी विचार." कोणाला सुगंध सोसत नसेल तर ती स्वतः नाही म्हणेल. नकार द्यायचाच असेल तर तो तिने द्यावा, आपण तिच्या वतीने देऊ नये.

मागच्या ओळीतून विचारलेल्या त्या प्रश्नाचे उत्तर देऊन आता थांबते. बाई, कापूर देवघरात राहू द्या. तुम्हाला भारी सेंट आवडत असेल तर भारी लावा, फुलाफळांचा हलका आवडत असेल तर हलका लावा, आणि काहीच लावायचे नसेल तर स्वच्छ धुतलेल्या सुती साडीचा वासही कमी सुंदर नसतो. फक्त वय मोजून, किंवा कोण हयात आहे आणि कोण नाही ते मोजून, निवड करू नका.

 माझ्या विनंतीचा विचार कार्यकारिणीच्या पुढच्याच बैठकीत व्हावा, एवढे सांगून मी आपली रजा घेते.